'फकिरा' नववीच्या वर्गात : शिक्षक आणि पालक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूला माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपासून नववीच्या वाचन तासाला अण्णा भाऊ साठेंची 'फकिरा' अख्खी वाचून घेते. अवांतर वाचन म्हणून, मार्कांसाठी नाही. आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं.

कादंबरीत नेमकं आहे काय, आणि अडचण कशाची?

कादंबरी १९५९ ची. घडते वाटेगावात, वाळवा तालुक्यात. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. काळ इंग्रजांचा. शिगावची जोगणी, म्हणजे जत्रेतलं देवीचं मानाचं प्रतीक, आपल्या गावात आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, म्हणून राणोजी मांग ती आणायला जातो. मान गावाला मिळतो, राणोजीचा शिरच्छेद होतो. फकिरा हा त्याचा मुलगा. पुढे दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागतात तेव्हा तो धान्याचं कोठार फोडतो, नंतर सरकारी खजिना लुटतो. तो हाती लागत नाही म्हणून सरकार त्याची माणसं, बायकापोरांसकट, धरून ठेवतं. मग फकिरा स्वतः जाऊन हजर होतो.

पुस्तक बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेलं आहे. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे पुस्तकाच्या योग्यतेवर वाद नाही. शिक्षक अडचणी सांगतात त्या तीन: जातीची नावं, रक्तपात आणि दरोडा. चौथी अडचण फोन ठेवता ठेवता हळू आवाजात येते, "मॅडम, गावात उगाच बोलणं होईल हो." खरी अडचण ती चौथी.

कोणत्या इयत्तेपासून घ्यावी?

नववी. आठवीला कोठाराचा भाग सुटा वाचून दाखवला तर चालतो, पण मग उरलेलं पुस्तक मुलं घरी आपापली वाचतात आणि विचारायला कुणी नसतं.

जातीची नावं मोठ्याने वाचायची का?

वाचायची. पण कुणी वाचायची, ते शिक्षकाने ठरवायचं.

पहिल्या वर्षी मी ती नावं गाळत गेले. 'मांगवाडा' आला की 'वस्ती' म्हणायचं, जातीवरून कुणी डिवचलं की ते वाक्य ओलांडून पुढे जायचं. आठवडाभरात एक मुलगी म्हणाली, "म्याडम, पण या लोकायलाच कामून धरायलेत सारखं?" तिला कळणार कसं? पोलीस ज्या कारणासाठी दारात येतात ते कारणच मी वाचताना खाऊन टाकलं होतं. राणोजी नुसता शूर माणूस झाला, फकिरा नुसता घोड्यावरचा नायक झाला. टीव्हीवर असले दहा असतात.

तेव्हापासून असं करते. सुरुवातीलाच सांगते की या पुस्तकात जातींची नावं येतील, कारण लेखकाने ती जाणूनबुजून लिहिली आहेत आणि लेखक स्वतः त्या जातीत जन्मलेला आहे. ज्या पानावर कुणी कुणाला हिणवतं ते पान मी वाचते, मुलांना देत नाही. पुस्तकातला शब्द पुस्तकातच राहायचा, मैदानावर गेला तर वाचन तास त्या दिवशी बंद. एकदा बंद करावा लागला आहे. पुढचा अख्खा आठवडा मुलांनीच एकमेकांवर पहारा ठेवला.

शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. मग पुस्तकातली का ठेवायची?

तो निर्णय डिसेंबर २०२० चा. चांगला निर्णय आहे, पत्त्यावर जात नको. आमच्याकडेही पाट्या बदलल्या, समतानगर झालं, भीमनगर झालं. पण मुलांना दोन्ही नावं माहीत असतात. एसटीतून उतरल्यावर म्हातारी माणसं वाट कशी सांगतात ते ती रोज ऐकतात. पाटी ही आजची गोष्ट आणि कादंबरीतला काळ शंभर वर्षांपूर्वीचा, एवढा फरक नववीतल्या मुलाला कळतो. आपणच त्याला लहान समजतो.

वर्गात मातंग समाजाची मुलं आहेत. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघायला लागतो. काय करावं?

याचं उत्तर मी चूक करून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्याच वर्षी राणोजीचा भाग आला तेव्हा मला वाटलं, वर्गात एक मुलगा आहे, आवाज खणखणीत आहे, त्याच्याच समाजाचा नायक आहे, त्याला वाचायला दिलं तर त्याला अभिमान वाटेल. मी त्याला पुढे बोलावलं, उभं केलं, वाचायला लावलं. वाचलं त्याने. छान वाचलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी घरी गेले. आई बाहेर तुराट्या मोडत बसली होती. तिने चहा ठेवला, आधी शेतीचं, पावसाचं बोलणं झालं. मग म्हणाली, "म्याडम, पोरगं वाचतंय घरी. रात्री उशिरापोत्तर वाचतंय. वाचू द्या. पण त्याला पोरायसमोर उभं नका करू." मुलगा आतून ऐकत होता, बाहेर आला नाही.

मी त्याला वाचक म्हणून बोलावलंच नव्हतं, नमुना म्हणून बोलावलं होतं. हेतू चांगला होता वगैरे सगळं खरं, पण त्या दोन पानांपुरती वर्गातली चाळीस डोकी पुस्तकात नव्हती, त्याच्याकडे होती.

तेव्हापासून वाचनाचा क्रम हजेरीपटाप्रमाणे. ज्याच्या नंबराला जे पान येईल ते त्याचं. फकिराचं बोलणं कुणाच्याही वाट्याला येतं, इंग्रज साहेबाचंही कुणाच्याही. 'तुमच्याकडे काय करतात रे?' हा प्रश्न जातीबाबत कुणालाही विचारायचा नाही. आणि उलटी काळजीही घ्यायची: एखादा मुलगा स्वतःहून सांगायला लागला, आमचे आजोबा हलगी वाजवायचे, त्यांना असं असं बोलायचे, तर विषय बदलायचा नाही. ऐकायचं. सांगायचं की नाही ते त्याने ठरवावं.

तो मुलगा पुढच्या सोमवारी आला. पुस्तक परत करायला दोन महिने लावले, मी मागितलंही नाही.

मी स्वतः त्या समाजाचा नाही. मला शिकवायचा अधिकार आहे का?

मीही नाही. माझ्या माहेरी आजोबांकडे पोलीस पाटीलकी होती. म्हणजे या गोष्टीत चावडीच्या कोणत्या बाजूला आमची माणसं बसायची ते मला पक्कं माहीत आहे. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, एका वाक्यात, रडगाणं न लावता. त्याने दोन गोष्टी होतात. मुलांना कळतं की मॅडम स्वतःला वगळून बोलत नाहीत. आणि पाटलाघरची मुलंही मान वर करून ऐकतात, कारण त्यांना कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं नसतं.

'मी तुमचं दुःख समजू शकतो' हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. मुलांना ते लगेच खोटं वाटतं.

'हजेरी' हा प्रकार मुलांना कसा समजावायचा?

मला सगळ्यात आवडणारा तास हाच.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढत, बदलत सगळ्या देशभर गेला. एखाद्या जमातीत जन्मलं म्हणजे माणूस जन्मजात गुन्हेगार, असं सरकारने कागदावर लिहून ठेवलं. अशा लोकांनी ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. कादंबरीत वाटेगावच्या मांगांवर ही हजेरी येते आणि तिथून सगळं बिघडत जातं. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ च्या ऑगस्टअखेर हा कायदा गेला. म्हणून विमुक्त जमातीची माणसं ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तीचा दिवस मानतात. आपल्या भागातल्या पारधी, कैकाडी वस्त्यांवर ही आठवण अजून ताजी आहे.

एवढं सगळं मी फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरून जातात. म्हणून एका वर्षी काहीच सांगितलं नाही. तासाच्या सुरुवातीला हजेरी घेतली. दहा मिनिटांनी वाचन थांबवून पुन्हा घेतली. मुलांनी 'हजर' म्हटलं, थोडी हसली. पुन्हा दहा मिनिटांनी पट उघडला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्याडम, कामून सारखी सारखी हजेरी घ्यायलात? आम्ही काय पळून जायलोत का?"

मी पट मिटला आणि पुस्तकातलं हजेरीचं पान काढलं. पूर्ण वर्गाला एकसारखा त्रास झाला होता, कुणा एकाला नाही, म्हणूनच हे जमलं. हा प्रयोग एका वर्गावर एकदाच चालतो. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगून टाकतात.

दरोडा आणि लुटीचं उदात्तीकरण होतं, असं पालक म्हणतात.

होतं का? पुस्तक सरळ फकिराच्या बाजूचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण भुकेचं कारण काढून टाकून लूट तेवढी वाचली तरच उदात्तीकरण वाटतं.

यासाठी मुलांना एक काम देते: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारून या. मराठवाड्यात हा प्रश्न कुणालाही विचारा, माणूस उठून बसतो. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, जनावरं सोडून दिली ते. मुलं पानं भरून आणतात. एकीच्या आजोबांनी सांगितलं, आम्ही खडी फोडली, उपाशी निजलो, पण कुणाच्या दाण्याला हात लावला नाही. दुसऱ्याची आजी म्हणाली, मालकाच्या पेवातली ज्वारी पायली पायलीने उसनी आणली आणि कधी फेडली नाही, मालकानेही मागितली नाही.

पेव म्हणजे काय हे वर्गात निम्म्या मुलांना माहीत नव्हतं. जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी, वरून दगड-मातीने बंद. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. एका मुलाच्या आजोबांनी हे इतकं बारकाईने सांगितलं होतं की तो तास पेवावरच गेला, फकिरा राहिला बाजूला. मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही उत्तरं मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. न चोरणारे आजोबा आणि न फेडणारी आजी. मग विचारलं, फकिरासमोर कोणता रस्ता होता? बहात्तरला निदान रोजगार हमीची कामं निघाली होती, सरकार काहीतरी देत होतं. फकिराच्या काळात वाटेगावात कोण काय देत होतं? इथे मुलं भांडतात. भांडू द्या. एका मुलाने शेवटपर्यंत ऐकलं नाही, त्याचं म्हणणं चोरी ती चोरी. त्याला मी गप्प केलं नाही.

शिरच्छेद, हात तोडणं, हे मुलांना झेपतं का?

झेपतं. मोबाईलवर ती याहून वाईट रोज बघतात आणि त्यावर कुणी बोलत नाही. कादंबरीतल्या हिंसेवर बोलता येतं. पुढे खोत फकिराच्या तावडीत सापडतो, बापाला मारणारा माणूस, आणि फकिरा त्याचा जीव घेत नाही, मनगट तोडून सोडून देतो. का सोडलं? यावर मुलं स्वतःहून लिहितात. राणोजीच्या मरणाचं पान मात्र शेवटच्या तासाला घेऊ नका. ते ऐकून मुलं थेट घरी गेलेली बरी नाहीत, नंतर दहा मिनिटं बोलायला हवीत.

हे पुस्तक जातीजातीत भांडणं लावतं, असं पालक सभेत म्हणाले तर?

त्यांना पुस्तक हातात द्या. विष्णुपंत कुलकर्णी कोण आहे आणि तो मांगांना काय सांगतो ते पान दाखवा. उपाशी मरू नका, जगा, वाटेल ते करून जगा, असं सांगणारा माणूस या पुस्तकात ब्राह्मण आहे. शंकरराव पाटीलही त्यांच्या पाठीशी आहे. जातीवरून चांगलं-वाईट ठरवलेलं पुस्तक असतं तर अण्णा भाऊंनी ही माणसं लिहिलीच नसती.

आमच्याकडे एकदा सभेत आवाज चढला होता. एक गृहस्थ म्हणाले, नामांतराच्या वेळी या भागाने काय भोगलं ते तुम्हाला माहीत नाही का, पोरांच्या डोक्यात पुन्हा तेच कशाला? माहीत आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला जुलै १९७८ मध्ये आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मेली. पण ते ज्यांनी केलं त्यांनी 'फकिरा' वाचून केलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं आणि खाली बसले. सभा तिथे शांत झाली असं नाही, चहा आला म्हणून विषय बदलला.

कुणाला आपल्या मुलाला हे वाचू द्यायचंच नसेल तर मी त्या मुलाला दुसरं पुस्तक देते. आतापर्यंत दोनदा असं झालं. त्यातल्या एकाने मैत्रिणीकडून घेऊन वाचलंच.

वर्गात जातिवाचक शब्द वाचला म्हणून अॅट्रॉसिटी लागू शकते का?

१९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांदेखत मुद्दाम अपमान करण्याबद्दल बोलतो. अभ्यासासाठी कादंबरी वाचणं म्हणजे तो अपमान नव्हे. पण तोच शब्द तुम्ही पुस्तकातून उचलून एखाद्या मुलाकडे बघून वापरलात, गमतीत का होईना, तर कायद्याची भीती वाटलीच पाहिजे. मुख्याध्यापकांना आधी लेखी कळवून ठेवा, कोणतं पुस्तक, कोणत्या वर्गाला, कशासाठी. कागद असला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

१ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीच्या आठवड्यात घ्यावी का?

मी टाळते. आमच्या तालुक्यात जयंतीला मिरवणूक मोठी निघते, डीजे असतो, फलक असतात, शाळेत भाषणं होतात. प्रत्येक भाषणात दीड दिवसाची शाळा येते. मुलांना अण्णा भाऊंचा फोटो माहीत असतो, पुतळा कुठे आहे ते माहीत असतं, पुस्तक एकानेही उघडलेलं नसतं. त्या आठवड्यात सुरू केलं की तेही भाषणासारखंच ऐकू येतं. दिवाळीनंतर घ्या. थंडीत, कोवळ्या उन्हात बाहेर बसून वाचायला बरं पडतं.

भाषा अवघड जाते का?

सुरुवातीची वीसेक पानं. संवाद वाळव्याकडचे, आपल्या मुलांना 'कामून' ओळखीचं, तिकडचं वळण वेगळं. मुलं त्या बोलीची नक्कल करतात, करू द्या. उलट यातून एक गोष्ट साधते: पुस्तकात छापलेली माणसंही आपल्यासारखीच 'अशुद्ध' बोलतात हे बघून काही मुलांची लिहायची भीती जाते.

संक्षिप्त आवृत्ती चालेल का? सिनेमा दाखवला तर?

संक्षिप्त नको. काटछाट करणारा माणूस बहुतेक तेच कापतो ज्यासाठी आपण पुस्तक हाती घेतलं. सिनेमा १९६३ चा आहे. दाखवायचा तर पुस्तक संपल्यावर दाखवा.

जोगणीची जत्रा म्हणजे अंधश्रद्धा नाही का?

मुलं जोगणीवर अडत नाहीत, मानावर अडतात. मानाची काठी कुणाची, पहिला नारळ कुणाचा यावरून आमच्याकडे अजूनही जत्रेत डोकी फुटतात. राणोजीने गावाला मान मिळवून दिला, आणि त्याच गावात त्याची जागा वेशीबाहेर. एवढं एक वाक्य फळ्यावर लिहून मी मागे जाऊन उभी राहते.

परीक्षेत काय विचारायचं?

परीक्षा घेऊच नका. घ्यावीच लागली तर 'फकिरा चोर की नायक?' हा प्रश्न तेवढा नको. मॅडमला कोणतं उत्तर हवं ते मुलांना लगेच कळतं आणि चाळीस उत्तरं एकसारखी येतात. मी एकदा विचारलं होतं, 'तुम्ही विष्णुपंत असता तर पोलीस दारात आल्यावर काय बोलला असता?' उत्तरं अर्ध्या पानाची आली. बऱ्याच जणांनी प्रामाणिकपणे लिहिलं की गप्प बसलो असतो.

प्रती कमी आहेत. काय करायचं?

आमच्याकडे अकरा प्रती आहेत आणि वर्ग चाळीसच्या वर. चार चार मुलांत एक प्रत. घरी न्यायला पाळी लावलेली आहे, पाळीची वही वर्गप्रतिनिधीकडे असते. अण्णा भाऊंची पुस्तकं स्वस्त आवृत्त्यांत मिळतात, जयंतीच्या वेळी स्टॉलवर तर हमखास, तेव्हा घेऊन ठेवा. नवीन प्रतींना जाड कव्हर घाला आणि नेताना प्लास्टिकची पिशवी द्या. आमच्या दोन प्रती एका मुलीच्या दप्तरात अवकाळी पावसात भिजल्या. तिने त्या चुलीशेजारी वाळवून आणल्या, पानांना अजून धुराचा वास येतो. मुलं वाचायला त्याच दोन आधी उचलतात.